आईचं लो बीपी

सीट मिळाली. हे आधीच सांगून मोकळी होते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसाल आणि मधलं काही वाचणारच नाही. आमच्या घरात सगळे सिरियलचा शेवटचा भाग आधी बघतात, म्हणून मला ही सवय चांगली ठाऊक आहे. तर अमेरिकेत सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलात काम करत करत मनाचं डॉक्टर व्हायला, मला जागा मिळाली आहे. पुढच्या महिन्यात निघायचं आहे आणि बॅगेत शेव किती किलो बसवायची यावरून घरात रोज भांडण आहे.

सांगायचं आहे ते अर्जाबद्दल. त्या अर्जाबरोबर एक पानभर मजकूर द्यावा लागतो, त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. तुम्ही कोण, आणि बाकी सगळं सोडून हाच विषय का, हे आपल्या शब्दांत लिहायचं. मार्क तर सगळ्यांनाच चांगले असतात. वाचणाऱ्याला तुम्ही माणूस म्हणून दिसता ते त्या एका पानात. आता मी हा विषय का घेतला, याचं कारण आमच्या घरातच बसलेलं होतं, सोफ्यावर, टीव्हीसमोर, गवार मोडत. माझी आई. आणि आईबद्दल असं काही बाहेर बोलायची आमच्या घरात सक्त मनाई. तिला वगळलं तर पान खोटं, आणि घेतलं तर तिनं इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट चव्हाट्यावर. आई त्या पानात येणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्यानं मला अख्खा पावसाळा पिडलं.

ती गोष्ट अशी. मी अकरावीत होते तेव्हा आईला काहीतरी झालं. आम्ही इंदूरला राहतो, आई इथल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. टायपिंग फर्राटेदार, आवाज त्याहून फर्राटेदार. तिनं हाक मारली की मागच्या गल्लीतली मुलंसुद्धा अभ्यासाला बसायची. ती बाई हळूहळू गप्प झाली. केस विंचरायला बसायची आणि फणी हातात धरून तशीच राहायची. भाजीत मीठ नाही असं बाबा म्हणाले तर पूर्वी घरात महाभारत झालं असतं, आता नुसतं मीठ पुढे सरकवायची. तिनं ओरडणं बंद केलं हे मला सहनच होईना. मी मुद्दाम चपला हॉलच्या मधोमध काढायचे, ओला टॉवेल पलंगावर टाकायचे, एकदा तर दुधाचं पातेलं उघडं ठेवून खिडकीही उघडी ठेवली. मांजर येऊन दूध पिऊन गेलं. आईनं पातेलं घासलं आणि जागेवर ठेवलं. तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तिला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या भागात नुकतेच एक मराठी डॉक्टर आले होते, थेट महाराष्ट्रातून. आई त्या मानानं खूश झाली. म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्या भाषेत सांगता येईल." त्यांनी बीपी मोजलं, ते जरा कमी निघालं, आणि निदान झालं लो बीपीचं. झालं! आमच्या घरात मिठाचं राज्य सुरू झालं. बाबा सकाळी लिंबू-मीठ-साखर पाणी, आत्या दुपारी खारट ताक, संध्याकाळी पुन्हा पाणी. आत्या आमच्याच कॉलनीत राहते, ती मनुका भिजवून आणायची. बिचारी आई निमूट सगळं पीत होती. पुढे नवरात्र गेलं, दिवाळी गेली, होळी गेली, आई तिथल्या तिथेच.

शेवटी तिच्या शाळेच्या प्रिन्सिपल मॅडम, त्या पक्क्या हिंदीवाल्या, एक दिवस तिला हाताला धरून तुकोगंजमधल्या एका डॉक्टरणीकडे घेऊन गेल्या. मनाची डॉक्टरीण. तिनं गोळ्या दिल्या, बोलायला बोलावलं, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी आई माझ्यावर कडाडली, "या चपला काय पूजेला मांडल्या आहेस का?" मला इतका आनंद झाला की मी चपला उचलल्याच नाहीत. तिला अजून एकदा ओरडू दिलं.

पण घरात त्या गोळीचं नाव पडलं बीपीची गोळी. आत्याचा हुकूम. "झाकली मूठ सव्वा लाखाची! उद्या मुलीचं लग्न करायचंय. घरात असलं काही आहे म्हटलं की स्थळं दारात येत नाहीत." आईलाही ते पटलं, आणि तिनं ते असं निभावलं की काय सांगू. कॉलनीत लो बीपीची एक्स्पर्ट होऊन बसली. कोणाला चक्कर आली की आईला बोलावणं. आई जाऊन मीठ-साखरेचं प्रमाण सांगून येते, वर पाय उशीवर ठेवायला लावते. मला मेडिकलला गेल्यावर सायकियाट्रीच्या वॉर्डात ड्यूटी लागली आणि त्या गोळीचं नाव फळ्यावर दिसलं तेव्हा आईला झालं होतं त्याचं नाव कळलं, डिप्रेशन. त्याच दिवशी मी ठरवलं की हेच करायचं. घरी आले, आईकडे बघितलं, आणि जेवायला बसले.  मी सायकियाट्री घेणार म्हटल्यावर ती फक्त म्हणाली, "घे. चांगलं आहे ते."

आता मसुदे. पहिला मसुदा मी इंटरनेटवरचे नमुने वाचून लिहिला. लहानपणापासून मला मानवी मनाचं गूढ खुणावत होतं, वगैरे. लहानपणी मला फक्त पाणीपुरी खुणावत होती, पण असं लिहिता थोडंच येतं. तो मसुदा बाबांनी वाचला. बाबा पोलोग्राउंडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात क्वालिटी तपासायचे. रिटायर झाले तरी सवय गेलेली नाही. त्यांच्याकडे तीनच शेरे, पास, रीवर्क, स्क्रॅप, आणि ते पोळीपासून नातेवाइकांच्या जावयांपर्यंत सगळ्यांना लागतात. त्यांनी कागद उजेडात धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "स्क्रॅप."

"अहो बाबा, निदान कारण तरी सांगा!"

"हा माल बाजारातला आहे. आपल्या मशीनवर झालेला नाही."

मला असा राग आला की जेवताना मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसरा मसुदा आत्याकडे गेला. आत्या रिटायर्ड इंग्लिश टीचर. तिनं लाल पेननं त्यात नोबल प्रोफेशन, सेल्फलेस सर्व्हिस आणि सफरिंग ह्यूमॅनिटी घातलं. वाचून मलाच वाटलं की माझं निधन झालं आहे आणि शोकसभा चालू आहे. बाबा म्हणाले, "हा पण स्क्रॅप, पण पॉलिश चांगलं आहे."

तिसरा मसुदा मी सरांना दाखवला. त्या वर्षी मी तुकोगंजमध्येच एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम करत होते, ते हे सर. मूळचे पुण्याचे, इंदूरला येऊन केस पांढरे झाले, पण मराठी अजून धुतल्या तांदळासारखी. माझ्या मराठीची ते रोज टिंगल करायचे. पहिल्याच दिवशी मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "सर, माझी सगळी शिक्षा इंदूरलाच झाली."

सर म्हणाले, "अरेरे. गुन्हा काय होता?"

आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, हिंदीतून आलेलं. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे छडी. मी लाल झाले, पण गप्प बसेन तर मी कसली. म्हटलं, "मराठी शाळा नव्हती सर, हाच गुन्हा." तेव्हापासून आमचं जमलं.

सरांनी मसुदा वाचून परत दिला. "इंग्रजी चांगलं आहे. पण हे कुणीही लिहिलेलं असू शकतं. यात तुम्ही कुठे आहात?"

"सर, पहिलाच शब्द आय आहे."

"तो प्रत्येकाच्याच अर्जात असतो."

घोडं कुठे पेंड खातंय ते मला पक्कं माहीत होतं. पण आडात असून पोहऱ्यात काढता येत नव्हतं, त्याला काय करणार?

मग गौरी बसल्या. आमच्याकडे हळदीकुंकवाला अख्खी कॉलनी लोटते, मराठी, मालवी, सिंधी, सगळ्या बायका. मी करंज्या आणि मसाला दूध वाटत होते. समोरच्या घरातल्या मालवी काकू, त्यांना आम्ही जिजी म्हणतो, आईला म्हणाल्या, "बीपी कैसा है अब तुम्हारा?" आई हसत म्हणाली, "एकदम नॉर्मल, जिजी. बस नमक का ध्यान रखती हूँ." आणि मग पाच-सहा बायकांना घेऊन मिठावर प्रवचन सुरू. इतकं सफाईदार खोटं की मलाच वाटलं खरंच बीपी असेल. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, ही बाई बरी झाली आहे, धडधाकट आहे, पण बरी कशातून झाली हे तिला कोणाला सांगता येत नाही. दूध माझ्या हातावर सांडलं. आई तिथूनच ओरडली, "लक्ष कुठे आहे तुझं!"

त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये एक मराठी काकू आल्या. इंदूरच्याच, मिलमधल्या नोकरीसाठी त्यांचे सासरे इकडे आलेले. मराठी डॉक्टर बघून त्या मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सगळं ठीक आहे, मुलगा-सून चांगले आहेत, पण मला आतून खाली खाली वाटतं."

सरांनी मान हलवली आणि इंग्रजीत लिहिलं, फीलिंग लो. मग विचारलं, "खाली म्हणजे, पूर्वीपेक्षा किती खाली? सकाळी जास्त की संध्याकाळी?"

काकू गोंधळल्या. म्हणाल्या, "सकाळी... हो, सकाळी जास्त."

मला राहवेना. "सर, त्या खाली म्हणत आहेत ते वर-खालीमधलं नाही. खाली म्हणजे रिकामं. डब्बा खाली, बस खाली, तसं."

सर थांबले. काकूंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला रिकामं रिकामं वाटतं?"

"हो ना," काकू म्हणाल्या, जणू इतका वेळ त्या दुसरं काही सांगतच नव्हत्या. "एकदम खाली. घर भरलेलं, आणि मी खाली."

सरांनी लिहिलेलं खोडलं. पेन खाली ठेवलं, आणि हसले, पण तोंड कसनुसं झालेलं. काकू गेल्यावर म्हणाले, "मी इतकी वर्षं इथे बसतोय. किती जणींचं खाली मी खालीच समजलो असेन, देव जाणे."

ते आणखी काहीतरी बोलत होते, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मला तो मराठी डॉक्टर आठवला. आपल्या भाषेत सांगता येईल म्हणून ज्याच्याकडे आईला नेलं होतं तो.

मी स्कूटर काढली आणि सरळ घरी आले. आई स्वयंपाकघरात भजी तळत होती, बाबा ओट्याला टेकून पहिला घाणा तपासत होते. मी हेल्मेट न काढताच विचारलं, "आई, त्या बीपीवाल्या डॉक्टरला तू काय सांगितलं होतंस?"

"आधी ते डोक्यावरचं काढ. कोणत्या?"

"मराठीवाल्या. पहिल्या. नेमकं काय म्हणाली होतीस?"

आईनं झारा तसाच धरला. "काय म्हणणार? म्हटलं, खाली खाली वाटतं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाले, खाली जातं का एकदम? मी म्हटलं हो, जातं कधीकधी. मग बीपी घेतलं त्यांनी." ती जरा थांबली. "खरं सांगू, मलाही तेव्हा वाटलं की हे काय विचारतात. पण डॉक्टर आहेत, त्यांना जास्त कळतं."

"आणि प्रिन्सिपल मॅडमनी नेलं त्या डॉक्टरणीला?"

"तिलाही तेच सांगितलं. हिंदीत. अंदर से खाली-खाली लगता है. ती लगेच म्हणाली, कब से?"

मी ओट्यावर बसले आणि सगळं समजावून सांगितलं. तोच शब्द, दोन्हीकडे. हिंदीत सांगितला तर पोहोचला, मराठीत सांगितला तर बीपी झाला. आईनं ऐकून घेतलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की भजी करपली. "म्हणजे मी वर्षभर ते मीठ-पाणी प्यायले ते एका शब्दापायी? अगं बाई! आणि तुझी आत्या! तिचं ते खारट ताक!" मीही हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

बाबा हसत नव्हते. त्यांनी करपलेलं भजं बशीत ठेवलं आणि म्हणाले, "मी आयुष्यभर केसाएवढा फरक पकडला. घरात मात्र मला काही दिसलं नाही. मी नुसतं लिंबू पिळत बसलो."  मी बाबांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आई हसू आवरत म्हणाली, "तुम्ही पिळलेलं लिंबू होतं म्हणूनच प्यायले ना. नाहीतर कशाला गिळलं असतं ते?" आणि त्यांच्या बशीत चांगली भजी वाढली.

हीच वेळ, असं मला वाटलं. मी म्हटलं, "आई, मी हे अर्जात लिहू का? तुझ्याबद्दल?"

ती लगेच म्हणाली, "नको."

"अगं पण आत्ताच तर तू हसत होतीस!"

"घरात हसले. घरातलं घरात. अमेरिकेतून इकडे बातमी यायला काय वेळ लागतो? अर्धी कॉलनी तिकडेच आहे. तुझं लग्न व्हायचंय अजून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ज्याला यामुळे पळायचंय त्याला मी स्वतः स्टेशनवर सोडून येईन! मनाची डॉक्टर होणार मी, आणि माझ्याच घरात मनाचं नाव घ्यायचं नाही?" आई गॅस बंद करून बाहेर गेली. तिच्यावर चिडून मला बरं वाटलं नाही. शेवटी गोष्ट तिची होती, माझी नव्हती. तिनं ती माझ्यासाठीच झाकली होती, हे तर मला कळत होतं.

मग मी तोडगा काढला. सगळं लिहिलं, मीठ-पाणी, खाली, चपला, मांजर, पण आईच्या जागी लिहिलं, माझी एक दूरची नातेवाईक. बाबांनी वाचलं, बराच वेळ वाचलं. "रीवर्क," म्हणाले, पण काय रीवर्क ते सांगितलं नाही. सरांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "उत्तम आहे. एकच शंका. या इतक्या दूरच्या बाई तुम्हाला इतक्या जवळून कशा दिसल्या?"

मी म्हटलं, "सर, नजर तेज आहे."

"हं," सर म्हणाले. "वाचणारेही मानसोपचारतज्ज्ञच असतील, एवढं लक्षात असू द्या." मी कागद पर्समध्ये कोंबला. आता जे आहे ते आहे, असं ठरवलं.

अर्ज पाठवायचा दिवस रविवार होता. टायपिंगच्या चुका बघायला आमच्या घरात आईसारखं कोणी नाही. स्पेलिंग चुकलं की तिला दुरून वास येतो. दुपारी जेवणं झाल्यावर तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि मी शेजारी उभी राहिले. ती आधी कारकुनासारखी वाचत होती, बोटानं ओळ धरून. इथे स्पेस जास्त आहे. इथे कॉमा पाहिजे. मग बोट थांबलं. चपलांच्या ओळीवर.

"तू मुद्दाम काढायचीस?"

"हो."

"मी ओरडावं म्हणून?"

"हो."

"आणि ते दूध? मांजराचं?"

"तेही."

आई स्क्रीनकडेच बघत राहिली. माझ्याकडे बघितलं असतं तर मी रडले असते, आणि तिला ते माहीत असावं. म्हणाली, "मला वाटायचं, बरं आहे, पोरीला काही कळत नाहीये." मग पदरानं नाक पुसलं आणि पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वर आली.

"ही डिस्टंट रिलेटिव्ह कोण?"

"तूच ना आई. तू नको म्हणालीस म्हणून..."

"नको म्हणाले ते ठीक. पण दूरची? मी काय दूरची आहे तुला?" आवाज चढला होता, मागच्या गल्लीपर्यंत जाणारा तो जुना आवाज. "एका घरात राहून माझं तोंड बघून चपला काढणारी तू, आणि मी दूरची? कोणी परक्या बाईसाठी मांजराला दूध पाजतं का?"

"मग काय लिहू?"

"सरक."

मी सरकले. तिनं ते शब्द निवडले, एका झटक्यात उडवले, आणि दहा बोटांनी टाइप केलं. माय मदर. जिथे जिथे ती नातेवाईक होती तिथे तिथे. मध्येच थांबून म्हणाली, "जिजीला पण सांगून टाकेन मी. इतकी वर्षं बिचारीला नुसतं मीठ खायला लावलं." मग शेवटच्या परिच्छेदाखाली तिनं स्वतःचं एक वाक्य घातलं, शाळेच्या ऑफिसातून सर्टिफिकेट देतात तसं. शी इज परफेक्टली ऑल राइट नाऊ अँड अटेंडिंग ऑफिस रेग्युलरली.

संध्याकाळी आत्या आली. तिला बातमी कळली होती. आई दारातच म्हणाली, "ताई, काही बोलू नका, मी ठरवलंय." आत्यानं वाचलं आणि फक्त म्हणाली की शेवटचं वाक्य अगदीच कारकुनी आहे, निदान ते तरी काढा. मी काढलं नाही. पाठवून दिलं.

थंडीत इंटरव्ह्यूला बोलावणं आलं, व्हिडिओवर. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. आईनं सुट्टी टाकली, बाबांनी घरातला टीव्ही बंद केला, आवाज नको म्हणून. मला बजावलं होतं की कोणीही खोलीत येणार नाही. पडद्यावर तिघं होते. त्यांतल्या वयस्कर बाईंनी माझं पान समोर धरलं होतं. अभ्यासाचं विचारलं, क्लिनिकचं विचारलं, त्या खाली शब्दाचं दोनदा विचारलं. मग त्या पानाच्या तळाशी आल्या, हसल्या, आणि विचारलं, तुमच्या आई अजून नियमित ऑफिसला जातात का?

मी इंग्रजीत म्हटलं, "हो. फक्त आज सुट्टी घेतली आहे. बहुतेक दाराबाहेर उभ्या आहेत."

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला, "चल, चल इकडे!" आणि बांगड्यांचा आवाज. त्या बाई म्हणाल्या, त्यांना हरकत नसेल तर आम्हाला त्यांना नमस्कार करायला आवडेल.

आई आत आली. नवी साडी नेसली होती. कोणाला दिसायचं नव्हतं तर नवी साडी कशाला, हे मी नंतर विचारणार होते. ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहिली, हात जोडले, आणि पडद्यावरच्या तीन परक्या डॉक्टरांना, ज्यांनी ओळख विचारलीच नव्हती, मोठ्यानं, स्वच्छ आवाजात सांगितलं, "गुड मॉर्निंग. आय अॅम दॅट मदर."